मुलाच्या लॉगिनमधून अॅप गायब झालंय? आधी या चुका टाळा

उबंटू किंवा फेडोरा या लिनक्सवर पॅरेंटल कंट्रोल्स (मुलाने काय वापरावं यावरचे निर्बंध) लावले आणि मुलाच्या मेनूतून भलतंच अॅप गायब झालं, की लोक काय करतात? अॅप काढून परत टाकतात. मग परत काढतात, परत टाकतात. अहो, अॅप जागेवरच आहे! ग्नोममध्ये (या लिनक्सच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये) हे काम मॅलकंटेंट नावाचं पॅकेज करतं, ते फक्त त्या युजरच्या मेनूतून आयकॉन लपवतं, त्यामुळे शंभर वेळा इन्स्टॉल केलंत तरी तिथे काही दिसणार नाही.

मावसबहिणीचा फोन आला, "दादा, काल होतं, आज नाहीये, व्हायरस असेल का रे?" पोरगा सातवीत, शाळेच्या पीडीएफ उतरवायला त्याला एक डाउनलोड मॅनेजर टाकून दिला होता, तोच गायब. तिने तोवर तीनदा रीइन्स्टॉल केलेलं, वर स्वतःच्या लॉगिनमध्ये बघून "मला तर दिसतंय" म्हणत होती. (ही आणखी एक चूक. नियम युजरप्रमाणे असतात, तुमच्या लॉगिनमध्ये तपासून काय उपयोग?) मी पोराच्या लॉगिनमध्ये टर्मिनल उघडून अॅपचं नाव टाइप करायला सांगितलं, तर झटकन उघडलं. म्हणजे अॅप ठणठणीत, फक्त मेनूतून लपवलेलं.

तरी माझा अर्धा तास गेलाच, कारण बंदी घातलेल्या अॅप्सच्या यादीत ते नव्हतंच. शेवटी विचारलं, बाई, अजून काय चालू केलंयस? तर म्हणे, ब्राउझर बंद करायचं बटण. झालं! ते बटण फायरफॉक्स, क्रोम अशी नावं बघतच नाही. जे अॅप आपल्या डेस्कटॉप फाईलमध्ये (मेनूला अॅपची माहिती देणारी छोटी फाईल) "मी एचटीटीपी लिंक उघडतो" असं लिहितं, ते त्याच्या लेखी ब्राउझर. आणि या डाउनलोड मॅनेजरने माइमटाइपच्या (अॅप काय काय उघडतं ते सांगणाऱ्या) ओळीत नेमकं तेच लिहून ठेवलेलं.

यावर माझा उपाय असा की ती डेस्कटॉप फाईल सिस्टिमच्या यूएसआर-शेअरमधल्या अॅप्लिकेशन्स फोल्डरमधून उचलून यूएसआर-लोकल-शेअरमधल्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची, नाव तेच ठेवायचं, आणि कॉपीतून तेवढा एचटीटीपीचा तुकडा उडवायचा. लोकलवाली फाईल आधी वाचली जाते. मूळ फाईलमध्ये हात घालू नका, पुढच्या अपडेटला बदल पुसला जाईल आणि तुम्ही परत मलाच फोन कराल.

फ्लॅटपॅकचं, म्हणजे त्या वेगळ्या पॅकेज पद्धतीने टाकलेल्या अॅप्सचं, जरा वेगळं आहे. अॅपवर बंदी असेल तर ते टर्मिनलमधूनही चालत नाही, अॅडमिनने परवानगी दिलेली नाही असं सरळ सांगतं. तो मेसेज वाचा तरी!

पॅरेंटल कंट्रोल्समधली वयाची अट बदलत बसू नका, ती नवीन अॅप टाकण्यापुरती आहे, आधी टाकलेलं अॅप ती मेनूतून लपवत नाही.

सगळ्यात डोक्यात जाणारा शॉर्टकट म्हणजे मुलालाच अॅडमिन करून टाकणं. मग पॅरेंटल कंट्रोल्सच्या यादीतून त्याचं नावच जातं आणि सुडोही (अॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) त्याच्या हातात. त्यापेक्षा ते कंट्रोल काढून टाका ना, नाटक कशाला?

अकाउंट्स-सर्व्हिसच्या फाईली (युजरची सेटिंग्ज यातच असतात) हाताने एडिट करू नका. युट्यूबवर कोणीतरी दाखवतो आणि मग लॉगिन स्क्रीनच रुसते.

आणि दरवेळी कंट्रोललाच दोष देऊ नका, कधी डेस्कटॉप फाईलमध्येच नोडिस्प्ले ट्रू (मेनूत दाखवू नको) असतं, कधी ट्रायएक्झेकच्या ओळीत नाव दिलेला प्रोग्रामच मशीनवर नसतो. कुठलंही बटण दाबायच्या आधी मी टर्मिनलमध्ये मॅलकंटेंट-क्लायंट या कमांडला गेट-अॅप-फिल्टर (काय काय बंद आहे ते) विचारतो, पुढे मुलाचं युजरनेम, आणि जे येईल ते नीट वाचतो. बदल केला की त्याला लॉगआउट करून परत आत यायला लावतो. बहिणीने एवढंच केलं नव्हतं, म्हणून रात्री साडेदहाला परत फोन, "दादा, अजून दिसत नाहीये."