युद्धनौकेचं विमानवेधी कवच फोटोवरून कसं जोखावं

माझगाव डॉकमधून नवी विनाशिका नौदलाकडे गेली की बातमीत एक आकडा हमखास असतो : विमानवेधी क्षेपणास्त्राचा पल्ला, ‘७० किलोमीटर’. जहाज स्वतःला आणि ताफ्याला कितपत वाचवू शकेल हे पाहायचं असेल, तर हा आकडा सगळ्यांत शेवटी घ्यावा. आधी डोलकाठी, मग इल्युमिनेटर (लक्ष्यावर झोत टाकणारे रडार), मग डेकवरची क्षेपणास्त्रांच्या कप्प्यांची झाकणं आणि त्यानंतर कागदावरची थोडी आकडेमोड.

त्यासाठी जहाजाचे दोन स्पष्ट फोटो लागतात. एक बाजूने घेतलेला आणि एक समोरून तिरका किंवा वरून. सोबत वर्गमुळाचं बटण असलेला साधा कॅल्क्युलेटर. नौदलाने स्वतः प्रसिद्ध केलेले फोटो पुरेसे असतात. मनाई असलेल्या जागी उभं राहून गोदीचे फोटो काढायला जाऊ नका, त्यातून जास्त काही कळतही नाही.

डोलकाठीवर काय आहे

पहिला प्रश्न : मुख्य रडार फिरतो की स्थिर आहे? ‘आयएनएस दिल्ली’च्या (१९९७) डोलकाठीवर फिरणारे अँटेना दिसतात. ‘आयएनएस कोलकाता’च्या (२०१४) डोलकाठीला चार दिशांना चार सपाट फलक बसवलेले आहेत. तो एमएफ-स्टार रडार. ‘विशाखापट्टणम’, ‘मोरमुगाव’, ‘इंफाळ’ आणि ‘सुरत’ या पुढच्या विनाशिकांवरही हीच मांडणी आहे.

फरक दिसायला लहान, पण हिशेबात मोठा. मिनिटाला १५ फेरे घेणारा अँटेना एका दिशेला दर ४ सेकंदांनी पाहतो. सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणारं जहाजवेधी क्षेपणास्त्र तेवढ्यात १.२ किलोमीटर पुढे सरकतं. एका ठिपक्यावरून दिशा आणि वेग ठरत नाहीत, दोन-तीन फेरे जातातच. स्थिर फलकांचा रडार संशयास्पद ठिपक्याकडे लगेच पुन्हा वळून पाहू शकतो.

दुसरा प्रश्न उंचीचा. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकांवर स्पाय-१ रडारचे फलक वजनदार असल्यामुळे जहाजाच्या इमारतीलाच चिकटवलेले आहेत, म्हणजे तुलनेने खाली. ब्रिटनच्या टाइप-४५ विनाशिकांनी उलटी वाट धरली : पाठीला पाठ लावलेले दोनच फलक, एका गोळ्यात, मिनिटाला ३० फेरे, आणि ते थेट डोलकाठीच्या टोकावर. उंची मिळवण्यासाठी त्यांनी स्थिर फलक सोडले. हा सौदा का केला, ते पुढच्या आकडेमोडीत दिसेल.

इल्युमिनेटर मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग ४८ क्षेपणास्त्रं म्हणजे ४८ लक्ष्यं असा हिशेब करून बसतात.

अर्धसक्रिय शोधक असलेल्या क्षेपणास्त्राला लक्ष्य स्वतःहून दिसत नाही. जहाजावरचा एक रडार लक्ष्यावर सतत झोत टाकतो आणि क्षेपणास्त्र परावर्तित लहरींच्या मागे जातं. हा झोत टाकणारा म्हणजे इल्युमिनेटर. काळोखात टॉर्च धरून कुणी उभं राहावं तसं. टॉर्च जितक्या, तितकीच लक्ष्यं एका वेळी.

‘दिल्ली’ वर्गावर श्टिल या रशियन विमानवेधी प्रणालीचे ओरेख नावाचे सहा इल्युमिनेटर आहेत, लहान घुमटांसारखे. तलवार वर्गाच्या फ्रिगेटवर ते चार आहेत. बर्क वर्गावर गोल तबकडीसारखे तीन आणि टिकोंडेरोगा वर्गाच्या क्रूझरवर चार. अमेरिकी जहाजांच्या बाबतीत थोडी सवलत द्यावी लागते. एसएम-२ क्षेपणास्त्राला वाटेत रेडिओने सूचना मिळतात आणि झोत फक्त शेवटच्या टप्प्यात लागतो, त्यामुळे एक इल्युमिनेटर पाळीपाळीने अनेक क्षेपणास्त्रांना पुरतो.

दिशाही बघा. सहापैकी किती पुढे, किती मागे, मधली इमारत कोणाची नजर अडवते? सोव्हिएत स्लाव्हा वर्गाच्या क्रूझरवर लांब पल्ल्याची ६४ क्षेपणास्त्रं होती, पण त्यांना वाट दाखवणारा रडार एकच, तोही मागच्या बाजूला. नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) नेमक्या समोरून आलेल्या हल्ल्यासाठी जहाज वळवावं लागणार, हे फोटोवरूनच कळतं.

आता ‘कोलकाता’चा फोटो पुन्हा पाहा. तिथे टॉर्च सापडणार नाहीत. बराक-८ क्षेपणास्त्राच्या नाकातच स्वतःचा रडार आहे. जहाजाचा मुख्य रडार आणि दुतर्फा रेडिओ-दुवा त्याला लक्ष्याजवळ नेतो, शेवटचं काम ते स्वतः करतं. डीआरडीओ आणि इस्रायलची आयएआय कंपनी यांनी मिळून बनवलेलं हे क्षेपणास्त्र साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीनशे किलो वजनाचं, आणि त्यातलं ६० किलो स्फोटकशीर्ष. त्याच्या मोटरचं इंधन दोन हप्त्यांत जळतं. दुसरा हप्ता लक्ष्याजवळ पेटवला की शेवटच्या वळणाला जोर उरतो.

हात की झाकणं

डेकवर तिरका रोखलेला लोखंडी हात आणि त्यावर लटकलेलं क्षेपणास्त्र दिसलं तर तो जुना लाँचर. १९५५मध्ये टेरियर क्षेपणास्त्रांसह सेवेत परतलेल्या अमेरिकेच्या ‘बॉस्टन’पासून ही पद्धत चालत आली. आपल्याकडे ‘राजपूत’ वर्गावर सोव्हिएत व्होल्ना प्रणालीचे दुहेरी हात होते, ‘दिल्ली’वर श्टिलचे दोन एकेरी हात आहेत. प्रत्येकाच्या पोटात २४ क्षेपणास्त्रं. एक सुटल्यावर हात परत उभा राहतो, खालून दुसरं चढतं, हात लक्ष्याच्या दिशेला वळतो. यात सुमारे १२ सेकंद जातात. हात अडकला की पोटातली उरलेली सगळी निरुपयोगी. उभ्या लाँचरमध्ये प्रत्येक क्षेपणास्त्र डेकखालच्या स्वतःच्या कप्प्यात झाकणाखाली उभं असतं. त्यात एक कप्पा बिघडला तर एकच क्षेपणास्त्र जातं, आणि दोन क्षेपणास्त्रांमधलं अंतर दोन-तीन सेकंदांवर येतं. डिसेंबर २०२४मध्ये दाखल झालेली ‘आयएनएस तुशिल’ तलवारच्याच कुळातली, पण तिच्यावर हात नाही. त्याच श्टिल कुळातली २४ क्षेपणास्त्रं उभ्या कप्प्यांत आहेत.

झाकणं मोजताना दोन गल्लती होतात. पहिली : ब्रह्मोसची झाकणं यातच धरली जातात, ते विमानवेधी नसूनही. ब्रह्मोस सुमारे तीन टनांचं, बराक-८ त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे झाकणांच्या आकारात फरक स्पष्ट दिसतो. ‘कोलकाता’वर मोठी १६ आणि लहान ३२. दुसरी गल्लत अमेरिकी मार्क-४१ लाँचरची. त्याच्या कप्प्यात जमिनीवर मारा करणारं टोमाहॉकही बसतं, पाणबुडीवेधी अस्त्रही, किंवा एका कप्प्यात चार लहान ईएसएसएम विमानवेधी क्षेपणास्त्रं. ९६ झाकणांखाली विमानवेधी किती आहेत हे झाकण बंद असताना बाहेरून सांगता येत नाही. जो ठामपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

संपलेले कप्पे समुद्रात भरणं हे अजूनही दुखणं आहे. डोलत्या जहाजावर उभा डबा नेमका कप्प्यात उतरवायचा असतो. अमेरिकेने ऑक्टोबर २०२४मध्ये ‘चोसिन’ क्रूझरवर त्याची समुद्रात चाचणी केली, एरवी जहाज बंदराला न्यावं लागतं. म्हणून झाकणांची संख्या हीच त्या फेरीची एकूण शिल्लक धरा.

आता आकडेमोड

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून दूर जाणारं जहाज पाहिलंय? आधी जहाजाचं अंग क्षितिजाआड जातं, डोलकाठी शेवटपर्यंत दिसते. रडारचंही तेच, फक्त त्याच्या लहरी थोड्या वाकतात म्हणून तो डोळ्यापेक्षा जरा पुढे पाहतो. सूत्र असं :

अंतर (किमी) = ४.१२ × (√अँटेनाची उंची + √लक्ष्याची उंची), दोन्ही उंच्या मीटरमध्ये.

अँटेना ३० मीटरवर, क्षेपणास्त्र पाण्यावरून ५ मीटर उंचीने येतंय : ४.१२ × (५.४८ + २.२४) = सुमारे ३२ किमी. अँटेना १५ मीटरवर असेल तर २५ किमी. विमान ३,००० मीटरवर असेल तर ३० मीटरचा अँटेना त्याला जवळजवळ २४८ किलोमीटरवर गाठू शकतो.

म्हणजे उंच उडणाऱ्या विमानासाठी ७०चा आकडा खरोखर कामाचा आहे, पण पाण्याला घासत येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी ३२च्या पुढचा सगळा पल्ला त्या एकट्या जहाजाला वापरताच येत नाही. १५ मीटर वाढीव उंचीने साडेसहा किलोमीटर मिळाले, ३०० मीटर प्रतिसेकंद वेगाला ते २२ सेकंद होतात. टाइप-४५चा गोळा टोकावर का बसवला, याचं उत्तर या २२ सेकंदांत आहे. (समुद्रालगतच्या दमट थरांमुळे कधीकधी लहरी आणखी पुढे जातात. हिशेबात ते धरू नये.)

आता संधी मोजा. पकड, ओळख, निर्णय आणि प्रक्षेपण यांना मिळून १५ सेकंद धरा. आपल्या क्षेपणास्त्राचा सरासरी वेग ६०० मीटर प्रतिसेकंद. प्रत्येक गाठीनंतर ‘लागलं की नाही’ पाहायला ५ सेकंद.

लक्ष्य ३०० मीटर प्रतिसेकंद वेगाचं : १५ सेकंदांत ते ३२ वरून २७.५ किमीवर येतं. दोघांचा मिळून वेग ९००, म्हणून ३०.६ सेकंदांनी गाठ, जहाजापासून १८.३ किमीवर. चुकलं तर दुसरी गाठ ११.२ किमीवर, तिसरी ६.५वर, चौथी ३.३वर. चार संधी.

लक्ष्य ९०० मीटर प्रतिसेकंद वेगाचं : १५ सेकंदांनंतर उरले १८.५ किमी. पहिली गाठ ७.४ किमीवर. दुसरी १.२ किमीवर, म्हणजे जवळजवळ तोफेच्या अंगणात. खात्रीची संधी एकच. अशा वेळी ‘मारा, पाहा, मग मारा’ चालत नाही, दोन क्षेपणास्त्रं लागोपाठ सोडावी लागतात. ३२ कप्पे मग १६ लक्ष्यांचे होतात. आणि ‘दिल्ली’सारख्या हाताच्या लाँचरला दुसरं क्षेपणास्त्र १२ सेकंदांनी सुटतं, तेवढ्यात लक्ष्य पावणेअकरा किलोमीटर जवळ आलेलं असतं.

हा हिशेब ढोबळ आहे. उभं सुटलेलं क्षेपणास्त्र आधी वर जातं, मग वळतं, सुरुवातीला त्याचा सरासरी वेग कमी असतो. प्रत्येक प्रणालीला किमान पल्लाही असतो, काही शे मीटर ते काही किलोमीटर, त्याच्या आत ती मारू शकत नाही. आणि अगदी जवळ फोडलेल्या क्षेपणास्त्राचे जळते तुकडे त्याच वेगाने जहाजावर येऊन आदळतात.

कुठे फसतं

सगळं यंत्र चांगलं असूनही घात झालेली उदाहरणं नीट पाहिली तर कारणं बहुतेकदा यंत्राच्या आसपास सापडतात.

१४ जुलै २००६ला लेबनॉनसमोर इस्रायलच्या ‘हानित’वर जहाजवेधी क्षेपणास्त्र आदळलं, चार नौसैनिक गेले. तिच्यावर बराक-१ हे विमानवेधी क्षेपणास्त्र होतं, पण प्रणाली त्या वेळी सज्ज केलेली नव्हती. किनाऱ्यावरून असा मारा होईल हे गृहीतच धरलं नव्हतं. फोटोत दिसणारं कवच त्या क्षणी चालू आहे का, हे फोटो सांगत नाही.

फॉकलंडच्या युद्धात २५ मे १९८२ रोजी ब्रिटनची ‘कॉव्हेंट्री’ बुडाली. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची ‘कॉव्हेंट्री’ आणि जवळच्या संरक्षणासाठी सी-वुल्फ क्षेपणास्त्रं असलेली ‘ब्रॉडस्वर्ड’ ही जोडी कागदावर चोख होती. पण हल्ल्याच्या ऐन वेळी ‘कॉव्हेंट्री’ वळताना ‘ब्रॉडस्वर्ड’च्या माऱ्याच्या रेषेतच आली. दोन जहाजांची कवचं जोडताना एकमेकांची नजर अडणार नाही इतकं अंतर आणि तशी हालचाल आधी ठरवावी लागते.

ओळखीची चूक सर्वांत महाग. ३ जुलै १९८८ला अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं मेली. विमान वर चढत असल्याचं संगणकाकडे नोंदलेलं होतं, नियंत्रण कक्षातल्यांनी ते खाली येतंय असं धरलं. १ ऑक्टोबर १९९२ला सरावाच्या आज्ञा खऱ्या समजून अमेरिकेच्या ‘साराटोगा’ या विमानवाहू जहाजावरून सी-स्पॅरो क्षेपणास्त्रं सुटली आणि तुर्कस्तानच्या ‘मुआव्हेनेत’ या युद्धनौकेवर लागली, पाच जण गेले. वरच्या हिशेबातले १५ सेकंद आणखी कमी करा असा मोह होतो तेव्हा हे दोन प्रसंग समोर ठेवावेत.

चाचणीची बातमी वाचताना

पल्ल्याच्या आकड्यावरून पुढे जा आणि लक्ष्य कसं होतं ते शोधा. एप्रिल २०२५मध्ये ‘सुरत’वरून झालेल्या चाचणीच्या बातमीतला महत्त्वाचा तपशील म्हणजे लक्ष्य पाण्यालगत उडणारं होतं. मग हे पाहा : लक्ष्य थेट जहाजावर येत होतं की बाजूने जात होतं? बाजूचं अवघड, कारण गाठ घालायला क्षेपणास्त्राला जास्त वळावं लागतं. एकच होतं की दोन-तीन एकदम? येण्याची वेळ आणि दिशा जहाजाला आधीच माहीत होती का?

आणि लक्ष्य कोणाच्या रडारने पाहिलं? मे २०१९मध्ये ‘कोची’ आणि ‘चेन्नई’ या विनाशिकांनी पश्चिम किनाऱ्याजवळ एकत्र मारा केला, दोन्ही जहाजांची क्षेपणास्त्रं एकाच जहाजावरून नियंत्रित होती. सोबतचं जहाज २० किलोमीटर पुढे, धोक्याच्या दिशेला असेल तर वरच्या सूत्रातले ३२ मागच्या जहाजासाठी ५२ होतात आणि ३०० मीटरच्या वेगाचं लक्ष्य तब्बल ६७ सेकंद आधी दिसतं. तोच हिशेब ९०० मीटरच्या वेगाला मांडून पाहा, २२ सेकंद. पहिली गाठ ७.४ ऐवजी १५.४ किमीवर पडते आणि दुसऱ्या संधीला जागा होते.