कुंड्या बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी

मृग लागायच्या आत गच्चीवरच्या कुंड्या बदलायच्या असतील, तर कमरेची काळजी आदल्या संध्याकाळपासूनच घ्यायला हवी. सकाळी हातात खुरपं आलं की कुणाला भान राहत नाही.

आधी वजनाचं बघा. पंधरा लिटरची बादली भरली की पंधरा किलो होते, आणि भिजल्या मातीची मोठी कुंडी त्याहूनही जड. म्हणून जी हलवायची तिला आदल्या दिवशी पाणी घालू नका. झाड नव्या मातीत बसलं की मग पोटभर घाला. नवी कुंडी तिच्या कायमच्या जागेवर ठेवूनच भरायची. खताचं पोतं खालीच फोडा आणि अर्धं-अर्धं घमेलं वर न्या. नळी नसेल तर पाच-पाच लिटरचे दोन कॅन घ्या, म्हणजे दोन्ही हातांवर सारखा भार येतो. मोठ्या कुंडीला दुसरं माणूस असल्याशिवाय हात लावू नका. गेल्या वर्षी मी कढीपत्त्याची कुंडी एकटीने उचलली आणि पाय जागचे न हलवता कमरेतून वळले. आठ दिवस चप्पल घालताना भिंत धरावी लागत होती. ओझं हातात असताना वळायचं तर पावलं टाकून वळा, हे मी आता ज्याला त्याला सांगते.

माती कालवायला कमरेइतकं उंच टेबल किंवा गच्चीचा कट्टा मोकळा करून ठेवा. खाली बसणं टळणार नसेल तर बुटकं स्टूल, गुडघे टेकायला जुन्या गोधडीची घडी. खुरपं, कात्री, हातमोजे, प्यायचं पाणी, सगळं एका टोपलीत.

सकाळी उठल्या उठल्या मात्र वाकू नका. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे पहिला तासभर वाकणं त्यांना जास्त जाचतं. चहा घ्या, गच्चीवर चार चकरा मारा, मग बसा. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा. वाजला की उभं राहून, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे झुका.

दुखणं पायात उतरलं, मुंग्या आल्या, पायातलं बळ गेल्यासारखं वाटलं, तर बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटला तर तडक दवाखाना गाठा.

एका सकाळी चार कुंड्या पुष्कळ झाल्या. मोगरा, जास्वंद आधी. लिंबू पुढच्या रविवारी.