कुत्र्याला मूळव्याध? आधी शेपटी उचलून नीट बघा

कुत्रा फरशीवर बूड घासत पुढे सरकतो, बसल्या जागी दचकून शेपटीकडे वळून बघतो, तिथेच चाटत राहतो. घरात कुणीतरी 'मूळव्याध झाली' म्हणतं आणि माणसांचं मलम बाहेर निघतं. ते आधी परत ठेवा. कुत्रा ते चाटूनच टाकतो आणि त्यातली बधिर करणारी औषधं व स्टिरॉइड पोटात जातात. शिवाय माणसासारखी मूळव्याध कुत्र्यात अगदी विरळ. शेपटीखाली फुगलेलं दिसतं ते बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं, आणि काय ते ठरतं सूज कुठे आहे त्यावरून.

उजेडात बघा. एकाने डोकं धरावं, कारण गरीब कुत्राही दुखलं की चावतो. शेपटी मुळाशी धरून वर उचला. गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. चार आणि आठच्या आकड्यांपाशी, कातडीखाली दोन लहान पिशव्या असतात. या गुदग्रंथी. घट्ट शी बाहेर पडताना त्या दाबल्या जातात आणि कुबट, मासळीसारख्या वासाचा रस निघून जातो. शी सतत सैल असेल तर दाब पडत नाही, रस साचून मलमासारखा घट्ट होतो. शिट्झू, पॉमेरेनियन, कॉकर अशा लहान जातींत हे जास्त. बूड घासणं म्हणजे जंतच, असंही धरून चालू नका. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले, तर मात्र ते पट्टकृमी. जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त लागतो.

ग्रंथी भरल्या असतील, पण लाली किंवा फार दुखणं नसेल, तर पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून मग घरी रिकाम्या करता येतात. हातमोजे घाला आणि ओला कापूस गुदद्वारावर धरा, नाहीतर पिचकारी थेट शर्टावर येते. अंगठा आणि तर्जनी ग्रंथींच्या खालच्या बाहेरच्या कडेला ठेवून आत-वर हलकं दाबा. दोन-तीनदा दाबून काही आलं नाही तर थांबा. जोर केला तर पिशवी आतल्या आत फुटते. त्रास नसताना दर आठवड्याला 'साफ' करायची हौसही नको, त्यानेच सूज येते.

एकाच बाजूला लाल, गरम, हात लावू न देणारा गोळा म्हणजे गळू. ते दाबू नका. मनगटाला सोसेल इतक्या कोमट पाण्याचा कपडा 5 ते 10 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा शेकायला धरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रतिजैविक लागतं, कधी चीर देऊन धुवावं लागतं. चाटू नये म्हणून गळ्यात कोन, म्हणजे डोक्याभोवती येणारी शंकूसारखी कॉलर, हवाच. पावसाळ्यात फुटलेल्या गळवावर माश्या बसून आळ्या पडतात, म्हणून भोवतालचे केस कापून घ्या. आळ्यांवर टर्पेंटाइन ओतायची जुनी रीत या नाजूक जागी आग करते.

गुदद्वाराच्या मधोमध गुलाबी-लाल नळी बाहेर आली असेल तर तो गुदाशय आहे. हे बहुतेक जंत झालेल्या किंवा जुलाबाने कुंथणाऱ्या पिल्लांत होतं. सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ कपड्यात ठेवून लगेच न्या. ती नळी सुकली की काळी पडते आणि कापावी लागते.

नसबंदी न केलेल्या वयस्क नरात गुदद्वाराभोवती कडक, बिनदुखीच्या गाठी येतात. नसबंदीनंतर त्या बऱ्याचदा आक्रसतात. गाठ ग्रंथीच्याच जागी असेल आणि कुत्रा पाणीही जास्त पीत असेल तर कॅल्शियमची रक्ततपासणी करून घ्या, कारण तिथला कर्करोग ते वाढवतो. जर्मन शेफर्डला भोकं पडून वाहणारे नासूर होतात, त्यांचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. गुदद्वाराशेजारी मऊ फुगवटा आणि शी करताना कुंथणं असेल तर हर्निया. त्यात मूत्राशय अडकून लघवी बंद झाली तर सकाळची वाट बघू नका.

दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल स्वतःहून देऊ नका.

शी नीट बांधून पडावी म्हणून खाण्यात उकडलेला लाल भोपळा, लहान कुत्र्याला एक चमचा, मोठ्याला दोन-तीन मोठे चमचे, मीठ-फोडणीशिवाय. इसबगोल द्यायचाच तर आधी भरपूर पाण्यात भिजवून. कोरडा दिला तर शी आणखी अडते. शी पांढरट आणि खडूसारखी होत असेल तर हाडं बंद करा.