साठीनंतर शिकवण्याचं अर्धवेळ काम: सोलापुरात सुरुवात कशी करावी

जून उजाडायची वाट पाहू नका. शाळा आणि क्लासवाले वेळापत्रकाची जुळवाजुळव एप्रिल-मेमध्येच करतात. शाळा उघडल्यावर गेलात तर उरलेसुरले तास पदरात पडतात, बहुधा गावाच्या दुसऱ्या टोकाचे.

चौकशीला निघण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा: दिवसाला किती तास बोलणं झेपेल, घरापासून किती मिनिटं जाल, तासाला किमान किती घ्याल. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडला एका तासासाठी जाणं परवडत नाही. जाण्यायेण्यातच जीव दमतो. एकाच ठिकाणी लागोपाठ दोन तास मागा.

पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. असेल तर महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काम मिळू शकतं. त्यासाठी मूळ प्रमाणपत्रं आणि झेरॉक्सचे दोन संच तयार ठेवा. मानधन बिल मंजूर झाल्यावरच हाती येतं, त्यामुळे घरखर्च त्यावर बसवू नका. घेतलेले तास तारीखवार वहीत लिहून दर आठवड्याला विभागप्रमुखांची सही घ्या. बिल अडतं ते बहुतेक नोंदी न जुळल्यामुळे. जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षकांना ७० वर्षांपर्यंत महिना २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचा शासन निर्णय २०२३ मध्ये निघाला होता, पण ते काम रोज शाळा सुटेपर्यंतचं. वेळेची मोकळीक हवी असेल त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

खरी मोकळीक घरच्या शिकवणीत आहे आणि आमचा कल तिकडेच. सहा ते आठ मुलं, एकच इयत्ता, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास. माणशी महिना ५०० रुपये धरले तर आठ मुलांचे ४,००० होतात, म्हणजे तासाला साधारण १८० ते २००. पाचवी आणि आठवी एकत्र बसवण्याचा मोह होतो, बसवू नका. एका गटाला समजावताना दुसरा नुसता बसून राहतो, आणि दोन महिन्यांत पालक मुलं काढून घेतात. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या, शेवटी मागायची वेळ आणू नका. संक्रांतीच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत मुलं येत नाहीत, ते तास आधीच सुट्टीत धरा.

पूर्व भागात, अशोक चौकाच्या आसपास शिकवणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. तिथल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड. या दोन्ही भाषांत निर्जीव वस्तूंना मराठीसारखं स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं. म्हणून हुशार मूलही ‘माझा वही’ म्हणतं. त्याला हसू नका आणि व्याकरणाचा नियमही पाठ करायला लावू नका. शब्द कधीच एकटा देऊ नका: तो फळा, ती वही, ते पुस्तक. रोज दहा जोड्या मोठ्यानं म्हणून घ्या, दुसऱ्या दिवशी ‘माझा, माझी, माझं’ लावून विचारा.

शिकवण्याची पदवी नाही, पण बँकेत किंवा हिशेबाच्या कामात वर्षं गेली आहेत? मग वाणिज्य शाखेच्या मुलांना जमाखर्च आणि टॅली शिकवा. क्लासवाले नमुना तास घ्यायला सांगतील. पंधरा मिनिटांत एकच मुद्दा घ्या, फळ्यावर एक उदाहरण पूर्ण सोडवा, दुसरं मुलांकडून सोडवून घ्या. सगळा धडा उरकायला गेलात की तिथेच नकार येतो. होकार आला तर तास, दर, पैसे देण्याची तारीख आणि रद्द झालेल्या तासाचे पैसे मिळणार का, हे त्याच दिवशी लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवरचा संदेशही चालेल.