पहिली कादंबरी संपवायची कशी, आणि मग हातातून सोडायची कशी

अर्धी कादंबरी घरात पडलेली माणसं आपल्या बडोद्यात बरीच आहेत, दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, कारेलीबागेत, नोकरी-घर सांभाळून रात्री लिहिणारी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं लिखाण वाईट आहे म्हणून अडलेलं नाहीये, "अजून एकदा नजर टाकते मग देते" यात अडलंय. हे त्यांच्यासाठी लिहितेय. आता झालं असं आतून वाटेल तेव्हा देऊ, असं ठरवून बसलात तर ते वाटत नाही, कारण लिहिताना आपणही बदलत असतो आणि मागचं लिखाण रोज थोडं जुनं वाटतं. म्हणून सोडण्याची छोटी छोटी कामं पाडून घ्या आणि एकेक उरका.

आधी शेवटापर्यंत पोचा. मधलं एखादं प्रकरण जमत नसेल तर त्यात काय घडतं ते दोन-तीन ओळीत लिहा, पिवळा रंग द्या आणि पुढे जा. पहिलं प्रकरण घासत बसू नका, शेवट लिहून झाला की ते नाहीतरी बदलावंच लागतं.

पहिला खर्डा झाला की फाइल काही आठवडे बंद ठेवा आणि मग कागदावर प्रिंट काढा. युनिव्हर्सिटीच्या बाजूला थीसिस बाइंड करणारे झेरॉक्सवाले आहेत, त्यांच्याकडे एका बाजूलाच प्रिंट, ओळींमध्ये मोकळी जागा, डावीकडे रुंद समास आणि स्पायरल बाइंडिंग एवढं सांगा. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं युनिकोडमध्ये बदललं असेल तर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ मुद्दाम तपासा, तिथे अक्षरं तुटतात. मग मोठ्यांदा वाचा, घरच्यांना विचित्र वाटलं तरी वाचा, जिथे जीभ अडखळते ते वाक्य वाचणाऱ्यालाही अडणार आहे. या वाचनात पेन्सिलीने फक्त खुणा करा, दुरुस्ती नंतर.

आता सालांचा तक्ता. हे काम कंटाळवाणं वाटतं पण माझ्या मते कादंबरी पूर्ण झाल्याचा खरा विश्वास यातूनच येतो. एका मोठ्या कागदावर डावीकडे सालं, वर पात्रांची नावं, आणि प्रत्येक चौकोनात त्या साली त्या माणसाचं वय आणि तो कुठे होता ते. तीन पिढ्यांची बडोद्याची गोष्ट असेल तर चुका हमखास सापडतात. तुमचे आजोबा १९४६ मध्ये एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकत असतील तर ते चालणार नाही, युनिव्हर्सिटी १९४९ ची, त्याआधी ते बडोदा कॉलेज होतं. १९५५ मध्ये कोणी "आपल्या गुजरात राज्यात" म्हणत असेल तर तेही नाही, १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं आणि गुजरात राज्य झालं १ मे १९६० ला. आणा-पैचा हिशेब १९५७ पर्यंत, नये पैसे त्यानंतर. विश्वामित्रीचा पूर घालणार असाल तर कुठला ते पक्कं करा, २०१९ चा जुलै संपता संपता आला आणि २०२४ चा ऑगस्टच्या शेवटी, जन्माष्टमीच्या सुमारास, त्यामुळे घरात कोणते सण चालू असतील, शाळेच्या सहामाहीची तयारी कुठवर आली असेल, सगळं बदलतं. शंका आली की मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसा, सयाजीरावांच्या काळात १९१० मध्ये सुरू झालेली ही लायब्ररी, तिथे मराठी पुस्तकंही आहेत, आणि तिथे बसलं की कामात लक्ष लागतं हे वेगळंच.

भाषेचं म्हणाल तर निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि संवाद आपल्या बडोद्याचे राहू द्या, शेजारच्या बेन गुजरातीत बोलतील, काकू त्यांना अर्धं मराठीत अर्धं गुजरातीत उत्तर देतील, ते पुण्याच्या वाचकाला संदर्भावरून कळतं. फक्त मुद्रितशोधकासाठी एक पानभर सूचना लिहून ठेवा की या या पात्रांचं बोलणं दुरुस्त करायचं नाही. गोष्टीत १९४० चं एखादं पत्र असेल आणि ते जुन्या पद्धतीने अनुस्वार देऊन लिहिलं असेल तर तेही त्या पानावर टाका, नाहीतर १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे न उच्चारले जाणारे अनुस्वार जातील आणि पत्र कालचं वाटेल.

सगळ्यात अवघड भाग ओळखीच्या माणसांचा. पहिल्या कादंबरीत घरची माणसं येतातच, आणि आपला मराठी समाज इथे एवढा एकमेकांत मिसळलेला की नुसतं नाव बदलून भागत नाही, तुमच्या मामांवरून पात्र घेतलं असेल तर लग्नाच्या पंगतीत कोणीतरी त्यांना विचारणारच. म्हणून व्यवसाय बदला, गल्ली बदला, भावंडांची संख्या बदला, एखादी सवय दुसऱ्याच माणसाची आणून जोडा, आणि बघा की पात्र तरीही उभं राहतंय का. राहिलं तर ते आता तुमचं पात्र झालं, मामा सुटले. नाही राहिलं तर समजा की अजून तुम्ही मामांचीच गोष्ट सांगताय. आणि जी गोष्ट एखाद्याने तुम्हालाच विश्वासाने सांगितलेली आहे, आजारपण, कर्ज, मोडलेलं लग्न, ती छापण्याआधी त्या माणसाशी समोर बसून बोला, फोनवर नाही. तो नको म्हणाला तर काढून टाका, कादंबरी त्यावाचून उभी राहते, मला याबद्दल अजिबात शंका नाही.

मग वाचायला द्या, दोघं-तिघं पुरे, त्यात एक तरी तुम्हाला न ओळखणारा असावा. "कशी वाटली?" विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा की कुठे पुस्तक खाली ठेवलंत, कोणतं पात्र लक्षात राहिलं नाही, पुढे काय होणार ते कुठे आधीच कळलं. दोघांनी एकच जागा दाखवली तर तिथे काम करा, एकाचंच मत असेल तर तुम्ही ठरवा.

शेवटची काही पानं वेगळी काढून वाचा. पात्रांना निरोप द्यायचा नसतो म्हणून आपण गोष्ट संपल्यावरही लिहीत राहतो, सगळ्यांचं पुढे काय झालं ते सांगत बसतो. बरेचदा खरा शेवट तीन-चार पानं आधीच होऊन गेलेला असतो, तिथे थांबा. कापलेलं फेकू नका, "काढलेलं" नावाच्या फाइलमध्ये ठेवा, ते जपून ठेवलंय म्हटलं की कापायला हात धजतो.

आता तारीख घालून पीडीएफ करा, स्वतःला मेल करा, आणि कॅलेंडरवर पाठवायचा दिवस लिहा, दिवाळीच्या किंवा घरातल्या लग्नाच्या गडबडीत नको. प्रकाशकाला आधी फोन किंवा मेल करून विचारा की नवीन लेखकाचं हस्तलिखित बघता का, मग एक पान सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा, सारांशात शेवट लपवू नका. उत्तराला महिने लागतात. कोणी छपाईचे पैसे मागितले तर किती प्रती, त्या कोणाच्या ताब्यात, ई-बुक आणि ऑडिओचे हक्क कोणाचे, किती वर्षांसाठी, हे लेखी घ्या. कोणी चोरेल या भीतीने अडून राहू नका, १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिल्याबरोबर कॉपीराइट तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. स्वतः छापायचं ठरलं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी पोर्टलवर फुकट मिळतो.

पाठवल्यावर रात्री एखादं वाक्य सुचेल, सुचू द्या, वहीत लिहा, फाइल उघडू नका. प्रूफ येतं तेव्हा ती वही काढा आणि त्यातलं जे चूक दुरुस्त करणारं आहे तेवढंच घ्या, नुसतं जास्त सुंदर वाक्य सुचलंय म्हणून बदलू नका, एक ओळ वाढली की प्रकरणाची पुढची पानं सरकतात. दुरुस्त्या पान नंबर, ओळ नंबर, आधीचं आणि नवीन अशा तक्त्यात टाइप करून एकदाच पाठवा, व्हॉट्सॲपवर सुट्या सुट्या पाठवल्या की डीटीपीवाल्याच्या हातून निम्म्या राहून जातात.