आईबाबांच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च कसा कमी करायचा

पहिलं काम मेडिकलमध्ये जायचं नाहीच, पहिलं काम म्हणजे गोळ्यांचा डबा घ्यायचा आणि जमिनीवर पेपर पसरून त्यावर रिकामा करायचा. आमच्याकडे बाबांच्या औषधांचं बिल महिन्याला साडेचार हजारांवर गेलं होतं आणि पेन्शन पीएफची, ती किती असते ते ज्यांच्या घरात येते त्यांना माहितीय, कमीत कमी पेन्शन २०१४ साली १००० रुपये ठरली होती यावरून समजून घ्या. दर महिन्याला बाबा म्हणायचे की ही एक गोळी एक दिवसाआड घेतो, काय होतंय. आणि बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली की काय होतं ते मला माहिती होतं म्हणून मी मागे लागले. त्यातून जे समजलं ते सगळं इथे लिहितेय, कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

तर डबा. बाबांचा बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यात अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात कंटेंट, म्हणजे आत खरं औषध कोणतं आहे ते, लिहिलेलं असतं, तो मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचायचा, कारण पुढे मोठ्या अक्षरात असतं ते फक्त कंपनीने ठेवलेलं नाव. मी एकेक वाचत वहीत लिहीत गेले आणि दोन पाकिटांवर येऊन थांबले. एक हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, एक गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, नावं पूर्ण वेगळी, रंग वेगळा, पण दोन्हीमध्ये पॅन्टोप्राझोल ४० एमजी, एकात फक्त सोबत डॉम्पेरिडोन होतं. म्हणजे बाबा रोज सकाळी उपाशीपोटी एकच ऍसिडिटीचं औषध डबल घेत होते, कितीतरी महिने. दुसरं म्हणजे व्हिटॅमिन डी ची ६०,००० युनिटची आठवड्याची गोळी, ती आठ आठवड्यांसाठी दिली होती आणि वर्ष होऊन गेलं तरी चालूच होती, कारण कोणी बंद करा म्हटलंच नाही आणि मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून देत राहिला. हे व्हिटॅमिन शरीरात साठत जातं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, म्हणजे पैसे जातातच आणि तब्येतही बिघडू शकते.

ही वही घेऊन आम्ही आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, सगळी पाकिटं पिशवीत घालून. त्यांनी बसून चार गोळ्या बंद केल्या. दुकान बदललं नाही, कंपनी बदलली नाही, तरी बिल नऊशे रुपयांनी खाली आलं. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की स्वस्त औषध शोधायच्या आधी नको असलेलं औषध शोधा. फक्त एक गोष्ट अगदी मनापासून सांगते, कुठली गोळी बंद करायची ते डॉक्टरांनीच ठरवायचं, आपण नाही. विशेषतः स्टेंट टाकलेल्या माणसाची रक्त पातळ ठेवायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, या पैशासाठी एक दिवससुद्धा चुकवू नका.

आता वही कशी करायची ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रत्येक गोळीचा कंटेंट, किती एमजी, नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असं काही आहे का, दिवसातून किती वेळा, आणि एका गोळीची किंमत. एका गोळीचीच लिहा, पाकिटाची नको, कारण एका कंपनीचं पाकीट १० गोळ्यांचं आणि दुसऱ्याचं १५ चं असतं आणि आपण नुसती छापील किंमत बघून फसतो. एसआर वगैरे अक्षरंही महत्त्वाची आहेत, ती गोळी हळूहळू विरघळणारी असते, तिच्या जागी साधी घेतली तर ते तेच औषध राहत नाही आणि ती मोडून अर्धीही करायची नसते.

वही झाली की डॉक्टरांशी बोलायचं. इथेच आपली माणसं अडतात, डॉक्टरांना पैशाचं कसं बोलायचं, त्यांना राग येईल. मी सरळ असं बोलले, डॉक्टर या गोळ्या बाबांना आयुष्यभर घ्यायच्यात, आम्हाला परवडतील अशा लिहून द्या, आणि कंटेंटचं नाव मोठ्या अक्षरात लिहा म्हणजे आम्हाला जनऔषधीतून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, घेता येईल. राग वगैरे काही आला नाही. चिठ्ठीवर कंटेंटचं नाव असणं का गरजेचं आहे तर चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर शेड्यूल एच मधल्या औषधांना (ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची सरकारी यादी, आपली बहुतेक बीपी-शुगरची औषधं त्यातच येतात) मेडिकलवाल्याने परस्पर दुसरी कंपनी देणं नियमात बसत नाही. नाव कंटेंटचं असलं की हा प्रश्नच राहत नाही.

आणि डॉक्टरांना अजून एक विचारा, या औषधाचं पेटंट, म्हणजे ते एकाच कंपनीने विकायचा हक्क, संपलंय का. हे फार कमी लोक विचारतात आणि सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. शुगरची एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी आहे, ती एक गोळी साठ रुपयांच्या आसपास मिळायची, मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि आपल्या देशातल्या बऱ्याच कंपन्यांनी ती काढली, दहा रुपयांच्या आसपास. महिन्याचे अठराशे आणि महिन्याचे तीनशे, इतका फरक. त्याआधी व्हिल्डाग्लिप्टिन २०१९ मध्ये, डापाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिन २०२२ मध्ये, असंच झालं. पण ज्यांची चिठ्ठी जुनी आहे ते अजूनही तीच जुनी महाग कंपनी घेतायत, कारण चिठ्ठी बदलली नाही. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आजच पाकीट उलटं करून बघा.

जनऔषधी केंद्राबद्दल. ही योजना २००८ ला सुरू झाली, आता देशात पंधरा हजारांच्या वर केंद्रं आहेत, तालुक्याच्या गावातसुद्धा बहुतेक ठिकाणी सापडतं. नेहमीच्या ब्रँडपेक्षा निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही बरंच स्वस्त मिळतं. जनऔषधी सुगम नावाचं ॲप आहे, त्यात कंटेंट टाकला की किंमत दिसते आणि जवळचं केंद्रही दिसतं. पण जायच्या आधी फोन करा, कारण माल कायम असेलच असं नाही, आम्ही एकदा रणरणत्या उन्हात रिक्षाने गेलो आणि सातपैकी तीनच गोळ्या मिळाल्या. आता मी आठ दिवस आधी फोनवर नावं सांगते, ते मागवून ठेवतात. स्वस्त म्हणजे डुप्लिकेट असेल ही भीती माझ्या आईला होती, तर प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून मगच केंद्रात येते. तरीही बदल केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे घरी बीपी आणि शुगर जरा जास्त वेळा बघा आणि वहीत लिहा, म्हणजे मनात शंका राहत नाही आणि डॉक्टरांनाही दाखवता येतं.

काही औषधांत मात्र कंपनी सारखी बदलायची नाही. थायरॉईडची थायरॉक्सिन, फिट्सची फेनिटोइन, रक्त पातळ करायची वॉरफेरिन किंवा एसेनोकुमारॉल, या औषधांचा डोस इतका मोजून-मापून असतो की थोडा फरकही लागतो. बदलायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि नंतर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) किंवा आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी) परत करून.

जनऔषधी वेगळं आणि बोर्डवर नुसतं जेनेरिक, म्हणजे मोठ्या ब्रँडऐवजी त्याच कंटेंटचं दुसरं औषध, असं लिहिलेली दुकानं वेगळी, हेही लक्षात ठेवा. साध्या जेनेरिकच्या पाकिटावर छापील किंमत ब्रँडएवढीच असू शकते आणि दुकानदाराला ते फार कमी किमतीत पडलेलं असतं. तिथे एमआरपी बघून विश्वास ठेवायचा नाही, सरळ विचारायचं किती कमी करणार. नेहमीच्या मेडिकलमध्येही दर महिन्याचं ठरलेलं गिऱ्हाईक असलं तर दहा टक्के सहज सोडतात, मागितले तर. आणि फार्मा सही दाम हे सरकारी ॲप आहे, ज्या औषधांवर सरकारने कमाल किंमत ठरवलीय ती त्यात दिसते. बाकीच्या औषधांची किंमतही कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा बिलावर किती लावलाय ते बघत जा.

सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, पण बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यांसाठी मी तरी आधी तिथेच जा म्हणेन. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, शहरात ‘आपला दवाखाना’ नावाचे सरकारी दवाखाने आहेत. ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन ही रोजची औषधं तिथे असतात. पहिल्यांदा जाताना जुनी चिठ्ठी आणि वही घेऊन जा, सकाळी लवकर जा. गावात आशाताईंना विचारलं तर कुठल्या दिवशी गर्दी कमी असते तेसुद्धा त्या सांगतात. ज्या गोळ्या तिथे मिळतील त्या तिथून आणि उरलेल्या जनऔषधीतून, असं दोन्हीचं मिळून करायचं.

आमच्या शेजारचे काका सूतगिरणीतून रिटायर झाले, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की किमान पाच वर्षं ईएसआय, म्हणजे पगारातून कापला जाणारा कामगार विमा, भरलेला असेल आणि वयोमानाने निवृत्त झाला असाल तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयच्या दवाखान्यातून उपचार आणि औषधं मिळतात. तीन वर्षं ते विकत आणत होते. तुमच्या घरात कोणी असं असेल तर ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारा.

सत्तर वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत. पण ते ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी, महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत. डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांची औषधं मात्र त्यात धरलेली असतात, तेव्हा घरी सोडताना ती मागून घ्या.

बिलं टाकू नका. आईवडिलांचं वय साठच्या वर असेल आणि त्यांचा मेडिक्लेम नसेल तर औषधांवरच्या खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंत इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, सगळे जिला ८०डी म्हणतात ती, खर्च मुलांनी केला असेल तर मुलांना. मात्र जुन्या करपद्धतीतच, आणि पैसे रोख दिलेले चालत नाहीत, म्हणून मेडिकलमध्ये यूपीआयनेच द्या आणि नावाचं बिल घ्या.

शेवटचं, साठवणीचं. नवीन गोळी सुरू होते तेव्हा एकदम महिन्याची घेऊ नका, दहाच घ्या, कारण सोसली नाही तर बाकीची पडून राहते. बाबांना एका बीपीच्या गोळीने पायाला सूज आली आणि वीस गोळ्या वाया गेल्या. सुट्या कापून घेताना ज्या बाजूला एक्सपायरी आणि बॅच नंबर छापलाय ती बाजू आपल्याकडे ठेवायला सांगा, नाही देत म्हणाला तर फोटो काढून घ्या. एकदा गोळी सोसली, डोस ठरला, की मग दोन-तीन महिन्यांची एकदम आणा, पण इन्सुलिन तसं नाही, ते फ्रीजमध्ये मावेल तेवढंच आणि ऑनलाइन मागवलं तर उन्हाळ्यात बर्फाच्या पिशवीतून आलंय का ते हातात घेऊन बघायचं, गरम लागलं तर परत पाठवायचं. डबा मी दर सहा महिन्यांनी असाच पेपरवर उपडा करते. मागच्या वेळेला आठ पाकिटं होती, बिल सतराशे.