करडईचा लाल, चांदीवरचा तपकिरी

मीनाकाम, म्हणजे धातूवर रंगीत काचेची पावडर भरून ती भट्टीत भाजायचं काम, शिकायला निघालेली मुलं मला दोनच गोष्टी विचारतात: भट्टी कोणती घेऊ आणि रंग कुठून आणू. त्याची उत्तरं कुठल्याही पुरवठादाराकडे मिळतील. मला बोलायचंय ते लाल रंगाबद्दल, कारण माझं पहिलं वर्ष त्यानंच खाल्लं.

मी अंबाजोगाईची. आमच्या रानात करडई असते. फूल उमलतं तेव्हा पिवळंधमक असतं, मग केशरी होतं आणि वाळत आलं की लालसर. काटे सांभाळत एक फूल तोडून आणलं आणि ठरवलं, हाच रंग कानातल्यात उतरवायचा. बाटलीवरच्या नमुन्यातला पारदर्शक लाल हुबेहूब जुळत होता. चोख चांदीचा पत्रा कापला, रंग भरला, ८०० अंशांच्या आसपास भाजला. बाहेर काढला तेव्हा काळा दिसला. तिथवर घाबरायचं कारण नसतं, गरम असताना लाल काळाच दिसतो. पण गार झाल्यावर समोर आला तो पिवळट तपकिरी, गढूळ रंग. गुळाच्या काकवीसारखा.

मी भट्टीला दोष दिला. मग वेळ बदलली, तापमान बदललं. पावडर पुन्हा पुन्हा धुतली. अकरा तुकडे गेले.

कारण भट्टीत नव्हतंच. मीना म्हणजे काच, आणि तापलेल्या काचेत थोडी चांदी उतरते. काचेत उतरलेली चांदी पिवळा रंग देते. जुन्या रंगीत काचेच्या खिडक्यांमधला पिवळा असाच केलेला असतो. म्हणजे मी लाल भरत होते आणि खालून चांदी त्यात पिवळा मिसळत होती. निळ्याला, हिरव्याला याचा फारसा त्रास होत नाही. लाल, गुलाबी, केशरी यांना होतो. म्हणून चांदीवर आधी बिनरंगी पारदर्शक मीन्याचा थर द्या, तो भाजा, गार होऊ द्या आणि मगच लाल भरा. त्याहून खुलणारा लाल हवा असेल तर त्या थरावर चोख सोन्याचा पातळ वर्ख बसवून भाजा आणि लाल वर्खावर भरा. जयपूरचे जुने कारागीर लाल सोन्यावर खुलवतात आणि सगळ्यांत शेवटी भाजतात, कारण जास्त आच त्याला सोसत नाही.

मी आधी ज्या पंधरा दिवसांच्या क्लासला गेले होते, तिथे आम्हाला फक्त निळा करायला दिला. निळा कोणाच्याही हातून चांगलाच येतो, त्यामुळे सगळे खूश होऊन घरी गेले. माझं स्पष्ट मत आहे, जो शिक्षक स्वतःचे बिघडलेले तुकडे दाखवत नाही त्याच्याकडे पैसे भरू नका. पुढे जयपूरला ज्या चाचांकडे मी तीन महिने बसले, त्यांच्याकडे डबाभर फुटके तुकडे होते. प्रत्येकाचं कारण ते सांगायचे.

म्हणून पहिला दागिना करायच्या आधी नमुनापट्टी करा. ज्या धातूवर दागिना करणार त्याच धातूच्या चौकोनी चकत्या कापा. प्रत्येक रंग तीन प्रकारे भाजा: थेट, बिनरंगी थरावर आणि वर्खावर. मागे तापमान आणि वेळ कोरून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, दोन आठवडे जातात. ते टाळलंत तर महिने जातील, माझे गेले.

आपल्याकडच्या दोन अडचणी. एक, बोअरचं पाणी. पावडर धुताना आपलं क्षाराचं पाणी वापरलं तर पारदर्शक रंगावर धुरकटपणा येऊ शकतो. शेवटची दोन धुणी डिस्टिल्ड वॉटरनं करा, बॅटरीसाठी मिळतं तेच चालतं. दुसरी, वीज. भाजताना लाइट गेली तर तो तुकडा काढून ठेवा, नंतर पुन्हा भाजता येतो. रडू नका. मी रडले होते. पण जुन्या रंगांमध्ये शिसं असतं, त्यामुळे पावडर चाळताना मास्क हवाच आणि हे काम स्वयंपाकघरात अजिबात नको. यात सूट नाही.

बाजारात रेझिनचा, न भाजता भरायचा रंग भरून ‘मीना’ म्हणून विकतात. त्याला माझी हरकत नाही, पण गिऱ्हाइकाला तसं सांगून विका. तुम्ही शिकायला आला असाल तर मात्र त्याच्या नादी लागू नका. आगीत काच कशी वितळते, आधी साखरेसारखी, मग संत्र्याच्या सालीसारखी, मग गुळगुळीत, हे डोळ्यांना कळायला हवं. रेझिन ते शिकवत नाही.

सुरुवात निळ्यानंच करा, हे मीही सांगेन. अजिंठ्याचा निळा पाहून या. पैठणीत ताणा आणि बाणा वेगवेगळ्या रंगांचे असले की कापड हलताना जशी धूपछाव दिसते, तशीच चांदीवर आधी कोरून मग पारदर्शक निळा भरला की दिसते. खोल कोरलं तिथे गडद, उथळ तिथे फिका. हात बसला की लालाकडे वळा.

या जानेवारीत माझं करडईचं कानातलं झालं. पिवळ्यावरून केशरीत आणि टोकाला वर्खावरच्या लालात जाणारं. वाळलेल्या फुलाशेजारी ठेवून पाहिलं. टोकाचा लाल फुलापेक्षा जरा गडद आहे. पुढची जोडी दहा सेकंद आधी काढणार आहे.